जथून गयते तथून येत नाही

आमच्या गॅरेजातलं सर्वांत जुनं हत्यार म्हणजे एक झारी. झाडांना पाणी घालायची असते तशीच, पत्र्याची, तोंडाला भोकांची चकती. हातोड्यांचे दांडे बदलले, वेल्डिंगची कार्बाइडची टाकी जाऊन सिलिंडर आले, झारी मात्र तीच राहिली. तिचं बूड दोनदा झाळलेलं आहे. गळती शोधायचं हत्यारच दोनदा गळायला लागलं होतं, याचं आम्हा पोरांना फार हसू यायचं. उस्तादांना नाही.

मी १९७९ साली, चौदाव्या वर्षी, वाशिमच्या पुसद नाक्याजवळ एका शेडमध्ये डेंटिंगचं काम शिकायला लागलो. वाशिम तेव्हा अकोला जिल्ह्यातला तालुका होता. इंग्रजांच्या वेळचा बाशीम जिल्हा १९०५ मध्येच मोडला होता आणि नवा व्हायला अजून १९ वर्षं होती. गावात खासगी मोटारी थोड्याच. जिनिंगवाल्यांच्या, अडत्यांच्या, दोन-चार डॉक्टर-वकिलांच्या. पण त्यांची वयं मोठी. मुंबई-नागपुरात दहा-बारा वर्षं पळून झालेली गाडी आमच्याकडे 'नवी' म्हणून यायची. त्यामुळे पत्रा ठोकण्याच्या जोडीला आणखी एक काम आमच्या शेडला पावसाळाभर असायचंच. गाडीत पाणी कुठून येतं ते शोधायचं काम.

या कामाची पाटी कुठल्याच गॅरेजवर नव्हती. डेंटर, पेंटर, कुशनवाला, काचवाला यांच्या मध्ये कुठेतरी ते पडायचं आणि ज्याच्या अंगात थांबायची ताकद असेल त्याच्याकडे जायचं. आमच्या नाक्यावर ती उस्तादांच्या अंगात होती. त्यांनी ती मोटारीपासून उचललेली नव्हती. त्यांचे वडील रिसोडकडच्या एका खेड्यात धाब्याची घरं करायचे.

धाबं म्हणजे मातीचं सपाट छत. खाली लाकडी सरे, त्यावर आडव्या फांद्या, त्यावर तुऱ्हाट्या आणि सर्वांत वर खाऱ्या पांढऱ्या मातीचा थर. मृगाच्या आधी दरवर्षी वर नवी माती पसरायची. तरी आर्द्रात झड लागली, तीन-तीन दिवस ढग हललेच नाहीत, की कुठेतरी ठिबकायला सुरुवात व्हायची. चुलीवर ठिबकतंय म्हणून चुलीच्या बरोब्बर वर माती टाकणारा माणूस पावसाळाभर मातीच टाकत राहतो. पाणी शिरलेलं असतं दुसऱ्या भिंतीशी, उंदराच्या बिळातून. मातीखालून ते सऱ्यापर्यंत येतं, सऱ्याच्या पोटाला धरून चालतं आणि लाकडाला गाठ भेटली की खाली पडतं. उस्ताद आम्हाला सांगायचे, "पाणी जथून गयते तथून ते येत नसते, पोट्ट्या. गयते ती जागा सोड. ते कशाच्या अंगानं चालत आलं ते पाह्य."

गाडीत सऱ्याच्या जागी पत्र्याची घडी असते, एवढाच फरक.

जीपवाल्यांना हा त्रास नव्हता, कारण जीपमध्ये पाणी येतं हे धरूनच लोक तीत बसत. वर ताडपत्री, बाजूला बटणांचे पडदे, समोरची काच चौकटीसकट बोनेटवर आडवी होणारी. त्या चौकटीच्या खालच्या फटीतून गुडघ्यावर पाणी यायचं आणि कुणी तक्रार करायचं नाही. दुसऱ्या महायुद्धातल्या विलीज जीपच्या तर तळालाच बूच होतं. नदीनाल्यातून काढली की बूच उघडायचं आणि आतलं पाणी सोडून द्यायचं. तेवढा प्रामाणिकपणा नंतर कुठल्याच गाडीत दिसला नाही. आमच्याकडच्या जुन्या जीपांच्या तळाला लोक छिन्नीनं भोक पाडून घ्यायचे, हेही त्यातलंच.

खरी पंचाईत अँबेसेडर आणि फियाटची. अँबेसेडर १९५७ पासून कलकत्त्याजवळ उत्तरपाड्याला व्हायची, मॉरिस ऑक्सफर्ड या विलायती गाडीवरून बेतलेली. फियाट मुंबईत कुर्ल्याला, इटलीच्या ११०० वरून. तिचं नाव १९७४ मध्ये पद्मिनी झालं, पण वाशिमात तिला शेवटपर्यंत फियाटच म्हणत. या दोन्ही गाड्यांना जीपसारखी वेगळी चासी नाही. तळाचा पत्रा, दरवाजाखालचा उंबरा, पिलर, छत हे सगळं मिळूनच गाडी उभी राहते. म्हणून आतलं पाणी म्हणजे नुसतं पाय ओले होणं नव्हे. जाजमाखाली पाणी साचलं की तळ गंजतो, मग उंबरा गंजतो. उंबरा मऊ झाला की पिलर हलतो आणि दरवाजा दोन सूत खाली उतरतो. दरवाजा उतरला की वरच्या रबरात फट पडते, आणि त्या फटीतून आणखी पाणी. दरवाजा उचलून लावावा लागतोय असं गिऱ्हाईक म्हणालं की उस्ताद बिजागरीकडे बघायचेच नाहीत. आधी जाजम उचलून हात घालायचे.

दरवाज्याबद्दल एक गोष्ट बहुतेकांना माहीत नसते. गाडीचा दरवाजा पाणी अडवायला केलेलाच नसतो. काच खाली-वर होते त्या खाचेतून पावसाचं पाणी दरवाज्याच्या पोटात जातंच, जायलाच हवं. ते खालच्या कडेच्या तीन-चार भोकांतून बाहेर पडावं अशी योजना असते. आतल्या कुशनच्या मागे एक मेणकापड किंवा पातळ प्लास्टिक चिकटवलेलं असतं, पोटातलं पाणी माणसाकडे येऊ नये म्हणून. रेडिओवाल्यानं स्पीकर बसवताना ते फाडलं, की संपलं. आणि आमच्या काळ्या मातीत ती भोकं बुजायला एक हंगाम पुरतो. धूळ आत जाते, ओली होते, सुकते, विटेसारखी होते. दरवाजा हलवला की आत घागरीसारखं डुचमळायचं. सायकलच्या आऱ्यानं भोक मोकळं केलं की भळाभळा काळं पाणी.

त्या गाळात काय निघायचं हे मी इतकी वर्षं बघत आलोय. सुरुवातीला मातीत गुंतलेली रुई निघायची, विशेषतः कारंजा-मंगरुळपीरकडच्या गाड्यांत. जिनिंगच्या आवारात उभ्या राहणाऱ्या गाड्या त्या. १९९० नंतर रुई कमी होत गेली आणि सोयाबीनचं कुटार यायला लागलं. जिल्ह्यात पीक काय बदललं ते मला आधी दरवाज्याच्या बुडाशी कळलं, पेपरात नंतर आलं.

१९८२ च्या पावसाळ्यात एका अडत्याची अँबेसेडर आली. कारंज्याहून. ड्रायव्हरच्या डाव्या पायावर पाणी पडतं, एवढी तक्रार. त्याआधी दोन ठिकाणी दाखवून झालं होतं आणि दोघांनीही समोरच्या काचेच्या रबराखाली डांबर भरलं होतं. उन्हात ते वितळून डॅशबोर्डवर ओघळलेलं. पाणी होतं तिथेच.

उस्तादांनी आधी बोटानं पाणी चोळून पाहिलं. बोटाला तांबूस लागलं तर रॅडिएटरचं किंवा होजचं, मातकट लागलं तर पावसाचं. थंड मुलखातल्या मोटारींत डॅशबोर्डखाली हीटर असतो आणि त्याचं पाणीही पायाशीच येतं. आमच्याकडे मे महिन्यात पारा ४३ वर जातो, हीटर कोण लावून घेणार? एक संशयित आपोआप कमी.

मग त्यांनी जाजम, खालचा नमदा, डॅशबोर्डखालचा पुठ्ठा, सगळं काढायला लावलं. तळ फडक्यानं कोरडा केला, वर जुनी वर्तमानपत्रं अंथरली. पांढरी रांगोळी चिमटीत घेऊन पिलरच्या आतल्या सांध्यांवर, काचेच्या खालच्या कडेला, जिथे हात पोचेल तिथे फुंकली. मग स्वतः बॅटरी घेऊन स्टिअरिंगखाली उताणे झाले. डोकं पेडलपाशी, पाय बाहेर. झारी माझ्या हातात.

मी सरळ छतावर ओतायला गेलो. आतून शिवी आली. "वरतून कायले? खालतून सुरू कर!"

हेच या कामाचं सगळं शास्त्र आहे आणि ते मला त्या दिवशी कळलं. वरून ओतलं की पाणी सगळीकडून वाहतं, मग कुठलं आत शिरलं ते काय कळणार? आधी मडगार्डचा सांधा, पाच मिनिटं. मग बोनेटच्या मागची पट्टी, पाच मिनिटं. मग काचेची खालची कड, मग कोपरे, मग बाजू. दर वेळी थांबायचं, आतला माणूस 'चाल' म्हणेपर्यंत. तासभर गेला. काचेवर पाच झाऱ्या झाल्या तरी रांगोळी कोरडी. म्हणजे ज्या रबराखाली दोघांनी डांबर भरलं त्या रबराचा काही दोषच नव्हता.

शेवटी छताची पन्हळ. कडेनं जाते ती बारीक नाली. पन्हळीत पाणी सोडलं आणि आतून आवाज आला, "थांब. थांब. आलं." रांगोळीवर डॅशबोर्डच्या बाजूनं, पिलरच्या पोटातून, एक करडी रेघ उतरली होती, शेवयीएवढी. ती वर्तमानपत्रावर पोचायला आणखी दोन मिनिटं लागली.

आधीच्या मालकानं कधीतरी छतावर सामानाचं कॅरियर बसवलं होतं. ते काढलं तेव्हा स्क्रूचं एक भोक पन्हळीच्या मुळाशी राहून गेलं, त्यावर रंग बसला, रंगाला चीर पडली. पाणी तिथून पिलरच्या पोकळीत, तिथून खाली, आणि वायरच्या जुडग्याला धरून ड्रायव्हरच्या पायावर. पडतं तिथपासून शिरतं तिथपर्यंत तीन-चार फुटांचा फरक. भोक बंद करायला उस्तादांना दहा मिनिटं लागली: घासलं, पितळेची कांडी वितळवून थेंब सोडला, वर लांबी आणि रंग. मालकानं विचारलं, एका भोकाचे एवढे पैसे? उस्ताद म्हणाले, "भोकाचे नाही शेठ. भोक तर मी फुकट बुजवलं."

काच बसवण्याचं कामही बघण्यासारखं होतं, आणि आता ते दिसत नाही. रबर आधी काचेच्या कडेला चहूबाजूंनी चढवायचं. मापापेक्षा बोटभर लांब कापलेलं, कारण ते पुढे आटतं. रबराच्या बाहेरच्या खाचेत सुतळी फिरवून तिची दोन्ही टोकं आत घ्यायची. साबणाचं पाणी लावायचं. मग एकानं आत बसून सुतळी हळूहळू ओढायची, दुसऱ्यानं बाहेरून तळहातानं थापट्या मारायच्या. सुतळी सुटत जाते तशी रबराची जीभ पत्र्यावर पलटते आणि काच जागेवर बसते. थापटी जोरात पडली तर काच जाते, आणि नवी अकोल्याहून एस.टी.च्या टपावर येईपर्यंत गाडी ताडपत्रीखाली. ऊन आणि हवेतला ओझोन रबर खातो, आणि ताणलेलं रबर आधी चिरतं. म्हणून काचेचे कोपरे पहिल्यांदा गळतात. हे कारण मला खूप उशिरा वाचायला मिळालं. उस्ताद नुसतं सांगायचे, कोपऱ्यात ताण ठेवू नको.

पावसाचंही त्यांचं एक गणित होतं. मृगाचा पाऊस वाऱ्यासकट तोंडावर येतो, तो काचेच्या रबराची परीक्षा घेतो. झडीचं पाणी सावकाश असतं, त्याला वेळ असतो, ते छताचे आणि पन्हळीचे सांधे शोधतं. म्हणून गाडी आली की पहिला प्रश्न, कोणत्या पावसात गळाली? पुष्कळ मालकांना नक्षत्र सांगता यायचं. आताच्या मालकांना तारीखही सांगता येत नाही, व्हिडिओ असतो.

रॅडिएटर हे वेगळंच खातं. पातूरच्या घाटातून मेडशीकडे चढणाऱ्या गाड्यांची बोनेटं उन्हाळ्यात उघडी दिसायची, वाफ निघत असायची. बारीक गळती असेल तर ड्रायव्हर रॅडिएटरमध्ये हळद टाकत. हसण्यासारखं वाटतं, पण हळदीची पूड फुगते आणि सुईएवढ्या भोकात जाऊन बसते. शेजारच्या हिंगोलीकडे तर हळदीला तोटा नाही. घरी पोचण्यापुरता उपाय. मात्र तीच हळद आतल्या बारीक नळ्याही तुंबवते, म्हणून मेकॅनिक चिडायचे. पेट्रोलच्या टाकीला पाझर असला तर कपडे धुवायच्या साबणाची वडी घासत. कायमचं काम म्हणजे झाळणं. तांब्या-पितळेचे रॅडिएटर कथील-शिशानं झाळायचे, नवसागर लावून. ही विद्या कल्हईवाल्यांची. वाशिमच्या बाजारात रॅडिएटर झाळणारा जो म्हातारा होता, तो आधी भांड्यांना कल्हई करायचा आणि घागरी झाळायचा. स्टीलची भांडी आली, कल्हई बसली, तो रॅडिएटरकडे वळला. मग ॲल्युमिनियमचे, प्लास्टिकच्या टाक्यांचे रॅडिएटर आले, ते झाळता येत नाहीत, आणि दुसऱ्यांदा त्याचा धंदा बसला. तिसरीकडे वळायचं वय राहिलं नव्हतं.

१४ डिसेंबर १९८३ ला दिल्लीत पहिली मारुती ८०० मालकाच्या हाती पडली, आमच्या शेडमध्ये ती यायला बरीच वर्षं लागली. तिचे सांधे मशीनवर जुळवलेले, रबर चांगलं. उस्तादांनी पहिल्यांदा तिचा दरवाजा लावला आणि आवाज ऐकून म्हणाले, आपलं काम कमी होणार. पण १ जुलै १९९८ ला जिल्हा झाला, कचेऱ्या आल्या, 'एमएच ३७' च्या पाट्या लागायला लागल्या आणि गाड्या इतक्या वाढल्या की गळणाऱ्याही वाढल्या. त्यात एसीवाल्या. ऐन मे महिन्यात, आभाळात ढग नसताना, शेजारच्या सीटखाली पाणी! मालक घाबरलेला. एसीचं आतलं पाणी बाहेर सोडणारी नळी धुळीनं तुंबलेली असायची, तोंडानं फुंकलं की काम झालं. या कामाचे पैसे घ्यायला उस्तादांना लाज वाटायची. मला वाटली नाही.

धंदा नव्या गाड्यांनी बसवला असं आमच्यातले लोक म्हणतात. माझं मत वेगळं आहे. तो सिलिकॉनच्या नळीनं बसवला. गनमध्ये नळी घालायची आणि दिसेल त्या फटीत भरायचं. शोधायचं काही नाही. त्यात पाणी बाहेर जायची भोकंही बुजतात, आणि आत आलेलं पाणी आतच राहतं. जिथे वरून सुबक काळी रेघ दिसते तिथे खाली पत्रा जाळी झालेला असतो. गिऱ्हाइकाचंही चुकत नाही म्हणा. भरलेलं डोळ्यांना दिसतं, शोधलेलं दिसत नाही. दीड तास गॅरेजवाला झारी घेऊन फिरत होता याचे पैसे कोण देईल? मी स्वतः सिलिकॉन वापरतो. फक्त झारीनंतर वापरतो.

उस्ताद २००६ साली गेले. अँबेसेडर २०१४ मध्ये बंद झाली.

मागच्या श्रावणात एक पद्मिनी आली. मालक पुण्याला नोकरीला असलेला मुलगा, आजोबांची गाडी नीट करून हवी. मागच्या सीटखाली पाणी. माझ्या पुतण्यानं मोबाइलला जोडायचा एक कॅमेरा मागवलाय, पेन्सिलीएवढ्या जाडीचा, टोकाला दिवा असलेला. पिलरच्या भोकातून तो आत सोडला आणि आम्ही दोघं पडद्याकडे बघत बसलो. गंज, कोळ्याची जाळी, मातीचा थर, कुणाच्या तरी वेळची काडेपेटीतली काडी. वर वळवला तर सांध्यात एक पिवळा ठिपका चमकला. पितळ. नीट गोल, बाजरीच्या दाण्याएवढं, कडेला कुठे ओघळ नाही.

पुतण्या म्हणाला, "काका, हे तुमच्या उस्तादाचं असेल काय?"

असेल. नसेलही. पितळ लावणारे तेव्हा अकोल्यातही होते आणि ही गाडी कुठे कुठे फिरून आली कोण जाणे. ठिपका मात्र कोरडा होता आणि पाणी त्याच्या बाजूनं कुठूनतरी येत होतं. कॅमेऱ्यात ओल दिसते, पाण्याची वाट दिसत नाही. मी सीट काढायला सांगितलं, वर्तमानपत्रं मागवली आणि पुतण्याला झारी भरून आणायला पाठवलं. तो थेट शिडीकडे निघाला.

"खालतून," मी म्हणालो.